मॅक्रो लेन्स किड्यांची नाही

जुनी मॅक्रो लेन्स कॅमेऱ्याला लावून बाजारात फिरा, एक प्रश्न हमखास येतो. "सर, किडे काढताय का?" विचारणारा बहुधा लग्नाचे फोटो काढणारा असतो. कधी कॅमेऱ्याच्या दुकानातला, कधी यूट्यूब बघून तयार झालेला एखादा हुशार मुलगा. या मंडळींचं एक ठरलेलं शास्त्र आहे. पन्नासची एफ १.८ माणसांसाठी, पंच्याऐंशीची एफ १.८ नवरीसाठी, आणि मॅक्रो अंगठीसाठी. लग्नसराई संपली की मुंगळ्यांसाठी. हे शास्त्र कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणालाच ठाऊक नाही, पण पाळतात सगळे.

मला हे शास्त्र मान्य नाही. जुनी पन्नास-पंचावन्नची मॅक्रो ही रोजच्या वापराची लेन्स आहे: माणसांची, गल्लीची, वर्गाची, दुकानाची. आणि ती किड्यांच्या कप्प्यात बंद करून, सगळ्यांच्या हाती पार्श्वभूमी पुसणारी लेन्स देऊन, आपण आपल्याच मोहल्ल्यांचे फोटो बिघडवले आहेत.

सुरुवात जन्मापासून करू. निकॉनच्या या लेन्सवर 'मॅक्रो' नाही, 'मायक्रो-निक्कॉर' असं कोरलेलं असतं. ग्रीकमध्ये एकाचा अर्थ मोठं, दुसऱ्याचा अर्थ छोटं. एकाच जातीच्या लेन्सला बाकीच्या कंपन्या मोठं म्हणतात आणि निकॉन छोटं म्हणते, आणि तरीही लोकांना वाटतं की नाव बघून काम कळतं! 'मायक्रो' हा शब्द तिथे आला मायक्रोफिल्मवरून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी ग्रंथालयांना पुस्तकं आणि दस्तऐवज मायक्रोफिल्मवर उतरवायचे होते. रोमन लिपीतलं एखादं अक्षर जरा पुसट झालं तरी वाचता येतं. कांजीचं तसं नाही. दहा-पंधरा रेघा एका छोट्या चौकोनात कोंबलेल्या, एक रेघ दुसरीत मिसळली की अक्षर गेलं. रोमन अक्षरांना पुरणारा तपशील कांजीला पुरेना. टोकियो विद्यापीठातले प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक कोआना यांनी हा प्रश्न निकॉनपुढे ठेवला, आणि त्यातून १९५६ मध्ये पाच सेंटिमीटर एफ ३.५ ही पहिली मायक्रो-निक्कॉर बाहेर पडली. एसएलआर कॅमेऱ्यासाठी पंचावन्न मिलिमीटरची १९६१ मध्ये आली.

म्हणजे ही लेन्स अक्षरं वाचण्यासाठी जन्मली. किडे नंतर आले.

उर्दू शिकवणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. बे, ते, से ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की तिन्हींचा दात एकसारखाच. ओळखायचं ते नुक्त्यावरून. खुदा आणि जुदा यांच्यात फरक फक्त टिंब वर की खाली एवढाच. जुन्या हाती लिहिलेल्या पानावर किंवा लिथोच्या किताबीत हा नुक्ता म्हणजे शाईचा एक बारीक चौकोन असतो. फोटोत तो चौकोन राहिला नाही तर आपण मजकुराचा अर्थच बदलून ठेवतो. पानाच्या मधोमध तो टिकला आणि कोपऱ्यात विरघळला, तरी तेच.

कोपऱ्याचा मुद्दा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साधारण लेन्सचं फोकस सपाट भिंतीसारखं नसतं, उथळ वाटीसारखं वाकलेलं असतं. मध्यभाग धारदार आला की कडा थोड्या पुढे-मागे जातात. मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये, ते छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की हा दोष आणखी उघडा पडतो. पुस्तकाचं पान मात्र सपाट असतं. म्हणून पान टिपणारी लेन्स बनवताना फोकसचं पटल सपाट करावं लागलं, आणि सरळ रेघ सरळच राहील, फुगणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागली. मॅक्रो लेन्सचे खरे गुण हे दोन. जवळ जाता येणं हा तिसरा.

आता हे गुण फक्त पानालाच लागतात का?

शाळेचा ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणा. चाळीस मुलं, तीन रांगा, पावसाळी दिवस, व्हरांड्यातला उजेड. फोटोग्राफर घाईत. त्याला पुढे आणखी दोन शाळा आहेत. छिद्र उघडं ठेवून तो दोन-तीन वेळा क्लिक करतो आणि निघतो. आमच्या शाळेत एका वर्षी असाच फोटो आला. मधले सर, मॅडम, हुशार मुलं, सगळी लख्ख. रांगेच्या दोन्ही टोकांची मुलं मेणासारखी. टोकाला कोण उभं असतं? उशिरा आलेलं, बुटकं, ज्याचा गणवेश जरा विटलेला आहे आणि ज्याला कुणी "इकडे ये, मध्ये ये" म्हणालं नाही, ते पोर. त्याच्या आईने तो फोटो पैसे देऊन विकत घेतलेला असतो. फोटोग्राफरला विचारलं तर म्हणाला, "सर, कडेला थोडं सॉफ्ट येतंच." येतंच म्हणजे? पाऊस येतो तसं? जुने स्टुडिओवाले बाकं किंचित कमानीत लावायचे. टोकाची मुलं कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर राहावीत, हा त्यातला हिशेब. त्यांना आपल्या लेन्सची वाटी ठाऊक होती. आता ना बाकं वाकवतात, ना लेन्स सपाट वापरतात. सपाट पटलाची जुनी मॅक्रो, एफ ८, खाली तिपाई, आणि रांग सरळ. टोकाच्या मुलाचा डोळा मधल्या सरांच्या डोळ्याइतकाच स्पष्ट येतो. यासाठी लाखाचा कॅमेरा लागत नाही.

दुसरा आक्षेप फार विद्वत्तेने घेतला जातो: मॅक्रो लेन्स जवळच्या अंतरासाठी घडवलेली असते, दूरचं तिला जमत नाही. यात अर्धं सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर माणसं आयुष्य काढतात. जुनी पंचावन्न एफ ३.५ निकॉनने एकास दहा हे प्रमाण धरून घडवली होती. म्हणजे वस्तू फिल्मवर तिच्या दहाव्या हिश्शाएवढी उमटेल, ते अंतर. आता छत्तीस गुणिले चोवीस मिलिमीटरच्या फ्रेमचा हिशेब करा. दहाने गुणलं की छत्तीस गुणिले चोवीस सेंटिमीटर. ही मुंगळ्याची मापं नाहीत. ही उघड्या वहीची मापं आहेत, किंवा माणसाच्या चेहऱ्याची. या लेन्सचं सर्वोत्तम अंतर सुमारे ६६ सेंटिमीटर आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस साधारण तिथेच असतो. इतक्या जवळून चेहरा काढला तर नाक मोठं दिसतं हे खरं, म्हणून आणखी अर्धा मीटर मागे सरका. डोकं आणि खांदे फ्रेममध्ये येतील आणि लेन्स अजूनही आपल्या घरच्या अंगणातच असेल. दूरच्या डोंगरावर, किल्ल्यावर या जुन्या प्रतीचे कोपरे उघड्या छिद्राला थोडे कमी पडतात. एफ ५.६ किंवा ८ करा, प्रश्न मिटतो. उन्हात उभं राहून देवगिरीचा किल्ला एफ ३.५ वर कोण काढतो? जो काढतो त्याने माझा हा लेख वाचू नये.

"पण सर, एफ ३.५ म्हणजे अंधार." हिशेब करू. एफ १.८ च्या तुलनेत एफ ३.५ ला साधारण पाव उजेड मिळतो. म्हणजे दोन स्टॉप. फिल्मच्या काळात हे फार होतं. चारशेचा रोल संपेपर्यंत चारशेच राहायचा. आज आयएसओ चारशेच्या जागी सोळाशे करायला एक बटण दाबावं लागतं, आणि दहा-बारा वर्षं जुना कॅमेराही सोळाशेला रडत नाही. मोठ्या छिद्राची जी गरज होती ती फिल्मबरोबरच बरीचशी गेली. उरली ती हौस. धूसर पार्श्वभूमीची.

या धूसरपणाला ते 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे. १९९७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने तो इंग्रजीत रुजवला आणि शेवटी एक 'एच' चिकटवला. आपल्या मराठीत बोके म्हणजे मांजरं, आणि खरं सांगायचं तर फोटोत ती मांजरं असती तर मला जास्त आनंद झाला असता. कारण आता काय झालंय बघा. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास, शंभर कॅमेरे फिरतात. सगळ्यांचा फोटो एकच. पांढरी दाढी, जाळीची टोपी, सुरकुतलेला डोळा, आणि मागे दिव्यांचे सोनेरी गोळे. चाचा कोण आहेत? काय विकतात? मागे दुकान कुणाचं? पाटीवर काय लिहिलंय? काही कळत नाही. हा फोटो मुंबईत काढलाय, मालेगावात की मराकेशमध्ये, हेही कळत नाही. माणूस उचलून त्याचा पत्ता पुसलाय. उरला तो एक नमुना. कुठल्याही बातमीला, कुठल्याही मथळ्याखाली, चांगल्या किंवा वाईट, चिकटवता येईल असा.

यात बाहेरच्यांनाच बोल लावून चालणार नाही. आमची पोरंही हेच करतात. ईदच्या सकाळी स्वतःच्या आजोबांचा फोटो असा काढतात की आजोबा ज्या दारात चाळीस वर्षं उभे राहिले ते दार नाहीसं होतं. मग वर लिहितात, "आमची ओळख."

आणि गंमत अशी की हा धूर आता फुकट मिळतो. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला आणि फोनच पार्श्वभूमी पुसू लागला. आज साध्या फोनमध्येही ते असतं. जी गोष्ट फोन एका बोटाने करतो तिच्यासाठी हजारो रुपयांची एफ १.४ घ्यायची आणि तिला कला म्हणायचं, हे मला समजत नाही.

फोटोग्राफीच्या इतिहासात हे भांडण नवं नाही. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अँसल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी एक गट काढला आणि त्याचं नावच ठेवलं 'एफ ६४', म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यावरचं अगदी बारीक छिद्र. त्या काळात मऊ, धुरकट, चित्रासारखे फोटो म्हणजे कला अशी समजूत होती. या मंडळींनी सांगितलं, फोटोला फोटोसारखं दिसू द्या. तिकडे जर्मनीत ऑगस्ट सँडर आपल्या देशातल्या माणसांचे फोटो काढत होता: शेतकरी, वकील, मजूर, बेकार. त्याचा मिठाईवाला आपल्या भटारखान्यात, हातात मोठं पातेलं घेऊन उभा आहे. त्याचा चेहरा आणि त्याचं काम एकाच फ्रेममध्ये. सँडरच्या १९२९ च्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नाझींनी १९३६ मध्ये नष्ट केले. एकच आदर्श चेहरा हवा असणाऱ्यांना एवढे वेगवेगळे, आपापल्या जागी ठामपणे उभे असलेले चेहरे कसे परवडणार? सँडरकडे मॅक्रो लेन्स नव्हती, मोठा कॅमेरा होता. मुद्दा नजरेचा आहे. ती नजर आज आपल्याला परवडणाऱ्या किमतीत कुठल्या काचेतून मिळते, तर या.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो टाळत नाही. पन्नासची १.८ सुद्धा एफ ८ करता येते ना? मग मॅक्रो कशाला? करता येते. करतं कोण? ज्याने १.८ साठी पैसे मोजले त्याला ८ वर काढणं म्हणजे पैसे बुडाल्यासारखं वाटतं. लेन्सवरचा सगळ्यात मोठा आकडा माणसाला रात्रंदिवस खुणावत असतो. शिवाय फुगणारी सरळ रेघ छिद्र लहान केल्याने सरळ होत नाही. दाराची चौकट, फळा, हातमाग, मशिदीच्या कमानीखालचा दगडी लेख, बीबी का मकबऱ्याची संगमरवरी जाळी. जिथे कारागिराने ओळंबा लावून काम केलंय तिथे आपण वाकडी रेघ का न्यावी? आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. साधारण पन्नासची लेन्स ४५ सेंटिमीटरवर थांबते. पुढे जाता येत नाही. पंचावन्नची मॅक्रो २४ सेंटिमीटरपर्यंत जाते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मालेगावच्या एखाद्या पावरलूमच्या कारखान्यात जा आणि मग बोला. आमच्याकडे लूमला साचा म्हणतात. साच्यांची रांग, वर उडणारे कापसाचे तंतू, भिंतीवर लटकलेलं कॅलेंडर, खटखटाटात ओठ वाचून बोलणारा कारागीर. पहिला फोटो तीन मीटरवरून: माणूस आणि त्याचे साचे, रांग थेट मागच्या भिंतीपर्यंत. दुसरा सव्वा मीटरवरून: चेहरा, भुवईवर बसलेला कापूस. तिसरा तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांचा. चौथा त्या गाठीचा. घरी कांडी भरणाऱ्या बाईच्या बोटांवर धाग्याने पाडलेली रेघ याच चौथ्या अंतरावर दिसते. हे चार फोटो चार माणसांचे नाहीत, एकाच माणसाचे आहेत, आणि ते लेन्स न बदलता, पिशवी न उघडता, समोरच्याचं काम न थांबवता निघतात. पन्नासच्या १.८ ला दुसऱ्या फोटोनंतर भिंत लागते. झूमवाला लांब उभा राहतो. किड्यांच्या लेन्सवाला मात्र, त्याच्या डोक्यात जर ती किड्यांची असेल, तर फक्त चौथा फोटो काढतो आणि घरी जातो. गाठ दिसली, गाठ मारणारा गेला.

तीन मीटरवर फोकस आणि एफ ८ ठेवलं तर साधारण २.४ पासून ३.९ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्याच्या मागची पाटी जरा मऊ होते, पण वाचता येते. आमच्या गल्लीतल्या पाट्या दोन लिप्यांत आहेत, वर मराठी, खाली उर्दू, कधी उलट. "रहमानी टेलर्स" हे डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, दुकान एकच. त्या पाटीचं फोटोत असणं मला चाचांच्या सुरकुतीइतकंच मोलाचं वाटतं.

विषय लेबलाचा निघालाच आहे तर एक विषयांतर. मी दोन भाषा शिकवतो. उर्दू मुसलमानांची आणि मराठी हिंदूंची, हे लेबल माझ्या वर्गाच्या दारावर रोज कुणीतरी नव्याने चिकटवून जातं. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला शतकं लोटली, तरी मुसलमान मास्तर मराठी व्याकरण शिकवतो म्हटल्यावर समोरच्याच्या भुवया वर जातात. कौतुकानेच जातात, पण जातात. त्या भुवया आणि "सर, किडे काढताय का?" यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोन्हींत गृहीत धरलेलं एकच: वस्तूवर जे लिहिलंय तेवढंच तिचं काम. विषयांतर संपलं.

चेहऱ्यासाठी मॅक्रो फार धारदार, बायकांना आवडत नाही, हा आणखी एक लाडका युक्तिवाद. धारदार दिसतं ते बहुतेक वेळा उजेडामुळे. वरून भगभगीत ट्यूबलाइट असेल तर कुठल्याही लेन्समध्ये माणूस आजारी दिसेल. खिडकीशी बसवा, पातळ पडदा ओढा, मग बघा. आणि ज्यांना थोडी माया हवी आहे त्यांच्यासाठी टॅमरॉनची नव्वद एफ २.५ आहे, १९७९ ची. तीही मॅक्रोच, आणि तिची ख्याती चेहऱ्यांसाठीच झाली. व्हिविटारच्या सीरिज वन नव्वद एफ २.५ ला, जी टोकिनाने बनवली होती, शौकिनांनी तिच्या धूसरपणावरून 'बोकिना' असं टोपणनाव दिलं. आता बोला. ज्यांना मांजरं हवीत त्यांनाही मॅक्रोतच मिळतात.

आता जिथे विरोधक बरोबर आहेत ते सांगतो. रात्रीचं लग्नाचं स्टेज, शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत, दीड वर्षाचं पोर: इथे जुनी मॅक्रो घेऊन जाऊ नका. ऑटोफोकस नाही, आणि हाताने फोकस करायला तिची रचना आड येते. का, ते आकड्यांत बघा. पंचावन्नची ही लेन्स अर्ध्या आकारापर्यंत जाताना एकूण २७.५ मिलिमीटर बाहेर सरकते. त्यातले दूरच्या टोकापासून एक मीटरपर्यंत यायला लागतात फक्त ३.२ मिलिमीटर. म्हणजे रिंग जवळपास एक पूर्ण फेरा फिरते, पण गल्लीत, वर्गात, अंगणात जे काही घडतं ते सगळं त्या फेऱ्याच्या आठव्या हिश्शात कोंबलेलं. तीन मीटरवर तर सगळा खेळ एक मिलिमीटरचा. बोट जरा जास्त सरकलं की फोकस गेला. ज्यांना हे लगेच जमत नाही ते लेन्सला नावं ठेवून विकून टाकतात. उपाय साधा आहे. आधी अंतर ठरवा, रिंग तिथे ठेवा, आणि मग आपण पुढे-मागे सरका. पाय हे फोकसचं उत्तम साधन आहे. मिररलेस कॅमेरा असेल तर प्रतिमा मोठी करून बघण्याचं बटण अंगठ्याखाली ठेवा. हळू काम केल्याने मन शांत होतं, ध्यान लागतं वगैरे मी सांगणार नाही. तसलं सांगणारे वेगळे आहेत. मला फोटो हवा असतो.

ज्या मुलांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडं. नवी मॅक्रो घेण्याची ऐपत आपल्या दहातल्या नऊ घरांत नाही. जुनी त्या मानाने कितीतरी स्वस्तात मिळते, आणि याचं एक कारण तेच खोटं शास्त्र आहे. सगळ्यांना ती किड्यांची वाटते म्हणून गिऱ्हाईक कमी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात विचारा, किंवा जुम्याला चोर बाजारात मटन स्ट्रीटला चक्कर मारा. निकॉनचीच हवी असा हट्ट नको. पेंटॅक्सची मॅक्रो-टाकुमार पन्नास एफ ४, ऑलिम्पसची झुइको पन्नास एफ ३.५, कॅननची एफडी पन्नास एफ ३.५, सगळ्या याच कुळातल्या. मिररलेस असेल तर यांतली कुठलीही एका पोकळ रिंगने बसते. मधे काच नसलेलीच रिंग घ्या. निकॉनची लेन्स कॅमेऱ्यापासून ४६.५ मिलिमीटरवर बसण्यासाठी बनलेली, सोनीचं अंतर १८, मधली २८.५ मिलिमीटरची जागा भरायची, एवढंच त्या रिंगचं काम. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पंचावन्नची लेन्स साधारण ८२ सारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांना आणखी बरी, पण अरुंद गल्लीत पाठ भिंतीला टेकेल.

निकॉनचा डी ४० किंवा तीन हजारच्या मालिकेतला जुना कॅमेरा घरात पडला असेल तर १९७७ च्या आधीची लेन्सही त्यावर सरळ चढते. मीटर चालणार नाही. एम वर ठेवायचं, एक फोटो काढायचा, बघायचं, शटर बदलायचं. डी ७००० सारख्या कॅमेऱ्यावर मात्र ती जुनी लेन्स जबरदस्तीने फिरवू नका, माउंटजवळची छोटी पट्टी मोडते. लेन्सची कडा कापून रूपांतर केलेली असेल तर हरकत नाही, ते आधी विचारून घ्या.

घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसात ती कोकणातल्या लेन्समध्ये हमखास असते. रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. जड असेल तर आतलं ग्रीस सुकलंय, ते बदलता येतं. पंचावन्न एफ २.८ घेत असाल तर छिद्राच्या पात्यांवर तेल आलंय का ते नक्की बघा, तिचा हा जुनाच आजार आहे. पाती झटकन मिटायला हवीत. आळस देत मिटली तर भाव निम्मा सांगा. घरी आणल्यावर कातड्याच्या केसात ठेवू नका, बुरशी तिथेच वाढते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिकाच्या पुड्या पुरतात. त्या पुड्या जमवायला चपलांच्या दुकानदाराला सांगून ठेवा, तो फेकूनच देत असतो.